आजारपणाच्या रजेनंतर : कामावर परतणाऱ्या मनाला हवी असलेली साथ

कचेरीतील एखादे सहकारी बायपास शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी कामावर रुजू होतात, तेव्हा काय घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांच्या टेबलापाशी गर्दी होते. कोणी 'जिना चढू नका' म्हणून बजावतो, कोणी फायलींचा जड गठ्ठा त्यांच्या हातून काढून घेतो. साहेब स्वतः येऊन 'सावकाश घ्या, घाई नाही' असे सांगतात. दुपारी डबे उघडले की तळलेला पदार्थ त्यांच्यापुढून हलकेच बाजूला सरकवला जातो. यासाठी कोणाला परिपत्रक काढावे लागत नाही. दुखावलेल्या हृदयाला काही काळ जपावे लागते, एवढे ज्ञान समाजात पुरते मुरलेले आहे.

तेवढीच रजा नैराश्यासाठी घेऊन कोणी परतले, तर त्या टेबलापाशी मात्र शांतता असते. विचारावे की न विचारावे, हे कोणाला कळत नाही. काही जण नजर चुकवतात, काही जण जरा जास्तच मोठ्याने हसून बोलतात. साहेबांच्या मनात रखडलेल्या कामांची यादी असते; ती तशीच पुढे करावी की ठेवून द्यावी, याचा निर्णय होत नाही. परतलेली व्यक्ती हे सारे टिपत असते. आपण आता या जागेला नकोसे झालो आहोत, हा आजारातला जुनाच विचार तिच्या मनात नव्याने डोके वर काढतो.

नोकरदार माणसाच्या मानसिक आरोग्याविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. कार्यालयांतून व्याख्याने होतात, योगवर्ग भरतात. ते स्वागतार्हच आहे. परंतु ज्या टप्प्यावर आधाराची गरज सर्वाधिक असते, तो म्हणजे आजारानंतर कामावर परतण्याचा काळ, आणि नेमका तोच दुर्लक्षित राहतो. प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यातही ३० ते ४९ या वयोगटात, म्हणजे कमावत्या आणि संसाराचा भार वाहणाऱ्या वयात, प्रमाण अधिक होते. यांपैकी जे उपचार घेतात, त्यांना आज ना उद्या कामावर परतायचेच असते. ते परतणे सुखरूप व्हावे, यासाठी घर आणि कचेरी काय करू शकतात, याचा विचार या लेखात करू.

बरे वाटणे आणि काम झेपणे

प्रथम एक गोष्ट समजून घ्यावयास हवी. आजार ओसरणे आणि कामाची पूर्वीची ताकद येणे, हे दोन वेगळे मुक्काम आहेत. नैराश्यात उपचार सुरू झाले की बहुधा झोप आणि भूक आधी सुधारते. मग मनावरचे मळभ हळूहळू दूर होते, माणूस हसूबोलू लागतो, घरच्यांना हायसे वाटते. मात्र एकाग्रता, लहानमोठे निर्णय घेण्याची क्षमता, एका वेळी दोन-तीन कामांचा माग ठेवण्याची चपळाई या गोष्टी पुष्कळदा सर्वांत शेवटी परततात. मन प्रसन्न दिसू लागल्यानंतरही काही आठवडे, क्वचित काही महिने, त्या मागे रेंगाळतात.

कचेरीत नेमकी गरज असते ती याच शेवटी परतणाऱ्या गोष्टींची. एरवी दहा मिनिटांत होणारा ताळेबंद जुळवायला अर्धा तास लागतो. बैठकीत तिघे एकदम बोलू लागले की धागा सुटतो. ईमेलचा मसुदा चार वेळा वाचूनही पाठवायचा धीर होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, 'चेहरा तर छान दिसतो आहे, मग काम का होत नाही?' पायाचे प्लास्टर निघाल्यावर लगेच कोणी धावू लागत नाही. स्नायूंना बळ येण्यास वेळ द्यावा लागतो, हे आपण जाणतो. मनाच्या आजारात प्लास्टर दिसत नाही, म्हणून त्याच्या आतला अशक्तपणाही दिसत नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. नैराश्यावरील औषधांचा पुरेसा गुण दिसण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड, गुंगी यांसारखे त्रास मात्र पहिल्या एक-दोन आठवड्यांतच जाणवतात आणि पुढे बहुधा कमी होतात. पहिल्यांदाच झालेल्या आजारातही बरे वाटू लागल्यानंतर किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवण्याचा सल्ला डॉक्टर देतात. म्हणजेच कामावर परतणारी व्यक्ती बहुतेक वेळा गोळ्या चालू असतानाच परतते. त्याचा अर्थ ती अजून आजारी आहे असा नव्हे. रक्तदाबाची गोळी घेऊन कामावर येणाऱ्याला आपण आजारी समजत नाही, तसेच हे आहे.

आजारागणिक अडचणीही निराळ्या असतात. तीव्र भीतीचे झटके येऊन गेलेल्याला कामापेक्षा कामापर्यंतचा प्रवास जड जातो. सकाळची खच्चून भरलेली लोकल किंवा बंद दारांची लिफ्ट हीच त्याची परीक्षा असते. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या द्विध्रुवी विकारात झोपेची घडी मोडणे धोक्याचे ठरते. अशा व्यक्तीला फिरत्या रात्रपाळीत टाकणे म्हणजे आजाराला आमंत्रण देणे होय. लिथियम घेणाऱ्या व्यक्तीच्या हाताला सूक्ष्म कंप असू शकतो, आणि अतिउष्ण जागी घाम गळून शरीरातील पाणी कमी झाले तर रक्तातील औषधाचे प्रमाण अपायकारक पातळीवर जाऊ शकते. भट्टीजवळ काम करणाऱ्या कामगाराबाबत ही बाब डॉक्टरांच्या कानावर घालणे अत्यावश्यक आहे. म्हणूनच 'मानसिक आजार' या एकाच शिक्क्याखाली सर्वांसाठी एकच उपाय शोधू नये.

रुजू होण्याआधीची पूर्वतयारी

पुष्कळ घरांत परतण्याचा दिवस रजा संपण्याच्या तारखेवरून ठरतो. तो ठरावा मात्र डॉक्टरांशी बोलून. रजा फार लांबली तरी परतणे अवघड होत जाते, कारण दिवसाला घाट देणारी कामाची शिस्त सुटते आणि 'आता जमेल का?' ही धास्ती वाढते. फार लवकर परतले तर पहिल्याच आठवड्यात दमछाक होते. यांमधला काळ निवडावा लागतो.

परतण्यापूर्वीचे दोन आठवडे घरीच सराव करावा. कचेरीच्या दिवशी उठायचे त्याच वेळी उठावे, आंघोळ-न्याहारी त्याच वेळी करावी. अर्धा तास सलग वर्तमानपत्र वाचून पाहावे, मग एक तास. महिन्याचा घरखर्च लिहून काढावा. एखादे दिवशी गर्दीची वेळ टाळून कचेरीपर्यंत जाऊन यावे. आत शिरण्याची गरज नाही. शक्य झाल्यास जवळच्या एका सहकाऱ्याला आधीच बाहेर चहाला भेटावे. त्यामुळे पहिल्या दिवशी निदान एक चेहरा ओळखीचा आणि सुरक्षित वाटतो.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारून ठेवावेत. आरंभी किती तास काम करावे? रात्रपाळी चालेल का? वाहन, यंत्र किंवा उंचावरील काम यांबाबत औषधांमुळे काही बंधन आहे का? आणि पुढील तपासण्या कोणत्या दिवशी? कामावर हजर होण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र घेताना त्यातच 'पहिले चार आठवडे अर्धवेळ काम' किंवा 'सहा महिने रात्रपाळी नको' असे स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी विनंतीपेक्षा कागदावरची ओळ साहेबांनाही सोयीची असते, कारण त्यांनाही वर उत्तर द्यावे लागते.

किती सांगावे?

हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला छळतो आणि त्याचे एकच उत्तर नाही. सांगितले तर सवलत मिळण्याची शक्यता असते, तशीच बढतीच्या वेळी ते आडवे येण्याची भीतीही असते. ती भीती निराधार आहे असे कोणी म्हणू नये. यातून एक व्यवहार्य वाट निघते : आजाराचे नाव आणि आजारामुळे येणारी कामातील मर्यादा यांत फरक करावा. मर्यादा सांगणे गरजेचे असते, नाव सांगणे पुष्कळदा नसते. 'माझ्यावर उपचार चालू आहेत. पुढचा महिनाभर सकाळी मला थोडी सुस्ती राहील, म्हणून दहाऐवजी अकराला आले तर चालेल का, मॅडम?' एवढे पुरेसे होते.

जे सांगायचे ते कोणाला सांगायचे, हेही ठरवावे. थेट वरिष्ठ आणि मनुष्यबळ विभागातील एक अधिकारी एवढे दोघे बहुधा पुरतात. उरलेल्यांसाठी एक छोटे, खरे आणि पुढचा प्रश्न थांबवणारे वाक्य तयार ठेवावे : 'तब्येत बरी नव्हती, आता सुधारते आहे, विचारलंत म्हणून बरं वाटलं.' खोटी कथा मात्र रचू नये. ती लक्षात ठेवण्याचा ताण आजारातून उठलेल्या मनाला परवडत नाही.

पहिले सहा आठवडे

कामावर टप्प्याटप्प्याने परतणे ही कल्पना अनेक देशांत रुळलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मानसिक आजारानंतर कामावर परतणाऱ्यांना उपचारांच्या जोडीने कामाच्या बाजूनेही आधार द्यावा, असे त्यांत सुचवले आहे. केवळ गोळी किंवा केवळ सवलत पुरत नाही, दोन्ही एकत्र हवे.

आपल्याकडील साध्या कचेरीत याचे रूप कसे असू शकेल? पहिले दोन आठवडे रोज चार तास, आणि कामही ठरलेल्या साच्यातले : नोंदी तपासणे, जुनी प्रकरणे वाचून काढणे, एका वेळी एकच विषय. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात सहा तास, आणि लोकांशी संबंध येणारे थोडे काम. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पूर्ण वेळ, परंतु वसुलीचे उद्दिष्ट किंवा महिनाअखेरची घाई यांपासून अजून दूर. दर शुक्रवारी दहा मिनिटे वरिष्ठांशी बोलणे : या आठवड्यात काय जमले, काय जड गेले, पुढच्या आठवड्यात काय वाढवायचे. एखादा आठवडा मागे जावे लागले तर ते अपयश समजू नये.

चार तास देणे शक्य नसेल, तर अन्य मार्ग असतात. शिल्लक अर्जित रजेतून आठवड्यात बुधवारची एक सुटी घेतली, तरी सलग पाच दिवसांचा ताण तुटतो. बँकेच्या शाखेत रोखीच्या खिडकीऐवजी काही काळ मागच्या टेबलावर बसवता येते. शाळेत पहिला तास आणि वर्गशिक्षकपद तात्पुरते दुसऱ्याकडे देता येते. रुग्णालयात परिचारिकेला अतिदक्षता विभागाऐवजी बाह्यरुग्ण विभागात दिवसपाळी देता येते. यांपैकी कशालाही वेगळा पैसा लागत नाही. लागते ती वेळापत्रक करणाऱ्याची थोडी कल्पकता.

वरिष्ठांनी आणि सहकाऱ्यांनी

वरिष्ठ अधिकाऱ्याने डॉक्टर होऊ नये. अधिकारीच राहावे, पण माणसासारखे. पहिल्या दिवशी स्वतः भेटावे. 'आपण आलात, बरे वाटले. काम आपण मिळून ठरवू. आधी काय सुरू करायला आवडेल?' असे विचारावे. आजाराचे कारण, घरातील भांडण, औषधांची नावे यांची चौकशी करू नये. 'मन खंबीर ठेवा', 'आम्हालाही टेन्शन असतेच की' ही वाक्ये सद्भावनेने उच्चारली जातात, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की याला माझा त्रास कळलेला नाही. रजेच्या काळात साचलेले काम परतलेल्या व्यक्तीच्या टेबलावर रचून ठेवू नये. ते आधीच वाटून टाकावे. आणि दुसरे टोकही गाठू नये. 'तुम्ही नुसते बसून राहा' म्हणून सारी जबाबदारी काढून घेतली, तर माणूस निरुपयोगी ठरल्याची भावना आणखी घट्ट होते. अर्थपूर्ण काम हे बरे होण्याचे साधन आहे. मात्रा तेवढी सांभाळायची.

कामात चूक झाली तर ती चूक म्हणूनच दाखवावी, खाजगीत आणि नेमकी. 'ह्या तक्त्यातील तिसरा रकाना पुन्हा पाहा' हे वाक्य उपयोगी पडते. 'तब्येतीमुळे होत असेल' हे वाक्य दुखावते.

सहकाऱ्यांकडून फार काही अपेक्षित नसते. डबा खाताना जागा ठेवावी. चहाला हाक मारावी. 'नको' म्हटले तर आग्रह न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारावी. मागे कुजबुज करू नये, कारण संशयाच्या आजारातून सावरणाऱ्याला ती कुजबुज सर्वांत आधी ऐकू येते. 'वेडा', 'मेंटल', 'सायको' हे शब्द कोणत्याही थट्टेत वापरू नयेत. आजारी व्यक्तीसमोर तर नाहीच, मागेही नाही. आपल्या शेजारी बसणारा कोणी स्वतःची गोळी लपवून घेत असेल, याची आपल्याला कल्पना नसते.

घरातील साथ

आता आपण, घरची माणसे. संध्याकाळी दार उघडताच 'कसा गेला दिवस? कोणी काही बोललं का? जमलं ना?' अशी प्रश्नांची सरबत्ती होते. ती काळजीपोटी असते, परंतु आठ तास स्वतःला सावरून आलेल्या माणसाला ती दुसरी परीक्षा वाटते. पाण्याचा पेला द्यावा, अर्धा तास जाऊ द्यावा. बोलावेसे वाटेल तेव्हा ती व्यक्ती बोलेल. तेव्हा उपाय न सुचवता ऐकावे.

घरात दोन टोके दिसतात. एकीकडे 'आता बरा झालास ना, मग गोळ्या कशाला?' म्हणून औषध बंद करण्याचा आग्रह धरला जातो. नैराश्याची बरीचशी औषधे एकाएकी थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायची असतात. दुसरीकडे अतिकाळजी दिसते : दर तासाला फोन, कचेरीत परस्पर साहेबांना भेटणे, सहकाऱ्यांकडे चौकशी. प्रौढ माणसाच्या कामाच्या जागी त्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. आईने प्रेमापोटी केलेला एक फोन मुलाला वर्षभर मान खाली घालायला लावू शकतो.

घरकामाची वाटणी हा मुद्दा विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत कळीचा आहे. पुरुष आजारातून उठून कामावर जाऊ लागला की घर त्याला जपते. स्त्री कामावर जाऊ लागली, की 'बरी झाली' असे मानून स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे हे सारे त्याच दिवशी तिच्याकडे परत येते. तिच्यासाठी टप्प्याटप्प्याने परतण्याची योजना कचेरीइतकीच स्वयंपाकघरातही हवी. पहिले सहा आठवडे सकाळचा डबा दुसऱ्या कोणी करावा, ही मागणी फार मोठी नाही.

कायदा काय सांगतो?

हक्कांची माहिती असावी, म्हणजे विनंती करताना आवाज कापत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजाराच्या उपचारांसाठीही विमा कंपन्यांनी तरतूद करावी, असेही हा कायदा सांगतो. आपली पॉलिसी त्या दृष्टीने एकदा वाचून पाहावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत केलेला आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. थोड्या काळापुरत्या प्रत्येक नैराश्याला हे संरक्षण लागू होईल असे नाही. त्यासाठी आजाराची तीव्रता आणि प्रमाणपत्र पाहिले जाते. तरी दिशा स्पष्ट आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. मानसिक आजाराशी निगडित वर्तनावरून सुरू केलेली शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले आणि ती कारवाई रद्द केली.

कारखान्यात वा दुकानात अल्प पगारावर काम करणाऱ्यांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना, ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो, ती महत्त्वाची आहे. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. दीर्घकालीन आजारांच्या यादीत छिन्नमनस्कता आणि तीव्र नैराश्याचे काही प्रकार अंतर्भूत आहेत. अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारकाला त्यांसाठी ८० टक्के दराने अधिक काळ लाभ मिळू शकतो. अनेक कामगारांना हे ठाऊकच नसते आणि ते राजीनामा देऊन गावी निघून जातात.

हक्क आपोआप मिळत नाहीत, हे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे केलेल्या चळवळीनंतर. थकलेल्या शरीराला आठवड्यातून एक दिवस विश्रांती हवी, ही आज उघड वाटणारी गोष्टही त्या काळी झगडून पटवावी लागली होती.

कामाची जागाच दुखण्याचे मूळ असेल तर?

वरचे सारे विवेचन एका गृहीतकावर उभे आहे : परतण्याची जागा मुळात निरोगी आहे. ती तशी नसेल, तर रुग्णाला उपचार देऊन त्याच आगीत परत पाठवण्यासारखे होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसून आले. तासांइतकेच महत्त्व कामावरील स्वतःच्या ताब्याला असते. अपेक्षा प्रचंड आणि निर्णयाचे स्वातंत्र्य शून्य, अशी कामे मनाला सर्वाधिक पोखरतात. रात्री अकराला येणारे व्हॉट्सअॅप संदेश, सर्वांसमोर होणारा पाणउतारा, जातीवरून वा बाईमाणूस म्हणून ऐकावे लागणारे टोमणे यांवर ध्यानधारणेचा वर्ग हा उपाय नव्हे. ते थांबवणे हाच उपाय.

अशा ठिकाणी नोकरी बदलणे हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. परंतु तो आजाराच्या ऐन भरात घेऊ नये. नैराश्यात सर्वच दारे बंद दिसतात आणि राजीनामा ही एकमेव सुटका भासते. रजा घ्यावी, उपचार घ्यावेत, मन स्थिर झाल्यावर घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावे. दिलेला राजीनामा परत घेणे कठीण असते. पुढे ढकललेला राजीनामा केव्हाही देता येतो.

पुन्हा घसरण होऊ लागली तर

आजार परतण्याची चिन्हे प्रत्येकाची निराळी आणि बहुधा ठरलेली असतात. कोणाची झोप पहाटे तीनला मोडू लागते, कोणी फोन उचलणे टाळतो, कोणी टापटीप सोडतो, कोणी उलट अखंड बोलू लागतो आणि भरमसाठ खर्च करतो. बरे असताना ही चिन्हे स्वतः एका कागदावर लिहून ठेवावीत आणि घरातील एका विश्वासू माणसाकडे द्यावीत. ती दिसली तर काय करायचे, कोणाला फोन करायचा, हेही त्यातच लिहावे. दोन आठवडे वाट पाहत बसण्यापेक्षा दोन दिवसांत डॉक्टरांना गाठलेले बरे.

'मी नसलेलोच बरा', 'आता सगळं संपवावंसं वाटतं' असे शब्द घरी वा कचेरीत कोणाच्याही तोंडून आले, तर ते नाटक समजू नये. शांतपणे, सरळ विचारावे : 'जीव द्यावासा वाटतोय का?' असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट बोलायला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर आणि कचेरीतील सूचनाफलकावर लिहून ठेवावा.

वाचकहो, येत्या काही दिवसांत आपल्या ओळखीचे कोणी अशा रजेवरून परतत असेल, तर त्यांच्यासाठी पहिल्या आठवड्याचे एक काम आपण उचला : आपल्या हाताशी असेल ते. घरी असाल तर सकाळचा डबा, शेजारच्या टेबलावर असाल तर दुपारची हाक, अधिकारी असाल तर वेळापत्रकातील दोन तास. आणि परतणारे आपण स्वतःच असाल, तर ही मदत संकोच न करता घ्या. पूर्वीचा वेग येईल, तो येईपर्यंत पगार खाता आहोत असे स्वतःला बोल लावू नका.